मराठी मुद्रितशोधनासाठी ईमॅक्सचे टॅब आणि टूलबार : प्रकल्प नोंदी

१ जुलै २०२४

आमचे अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधनाचे छोटे कार्यालय आहे. तीन संगणक, तिन्हींवर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली, आणि त्याच्यासोबत येणारा ईमॅक्स २८.२ हा मजकूर लिहिण्या-सुधारण्याचा प्रोग्रॅम. मी स्वतः गेली अनेक वर्षे ईमॅक्समध्येच काम करतो. बाकीचे दोघे, म्हणजे आमचे ज्येष्ठ मुद्रितशोधक काका आणि जुळणी पाहणाऱ्या ताई, वर्षभरापूर्वी माझ्या आग्रहाने त्यावर आले. दिवाळी अंकांचे काम ऑगस्टमध्ये अंगावर येईल, त्याआधी या दोघांसाठी ईमॅक्सचा वरचा भाग नीट बेतून द्यायचा, असे ठरवून आज सुरुवात केली.

कारण अगदी ठोस आहे. दोघेही इनस्क्रिप्ट या कळरचनेने टंकलेखन करतात आणि देवनागरी कळफलक संगणकाच्या पातळीवरच चालू ठेवतात. त्या अवस्थेत ईमॅक्सचे शॉर्टकट चालत नाहीत. इनस्क्रिप्टमध्ये एक्सच्या कळीवर अनुस्वार असतो, त्यामुळे कंट्रोल-एक्स दाबले की ईमॅक्सला कंट्रोल-अनुस्वार मिळतो आणि अशी कमांडच नाही असे तो खाली सांगतो. ईमॅक्समध्ये स्वतःची इनस्क्रिप्ट पद्धत आहे. ती वापरली तर कमांडच्या कळा शाबूत राहतात आणि मी तीच वापरतो. पण ज्यांचा हात पंधरा वर्षे एका सवयीने चालतो आहे त्यांना फक्त या एका प्रोग्रॅमसाठी वेगळी सवय लावायला सांगणे मला योग्य वाटत नाही. त्यांना माऊसने करता येतील अशी दहा-बारा कामे डोळ्यांसमोर, मराठीत हवी आहेत.

३ जुलै

पहिला दिवस वाया गेला, आणि तो का गेला हे सविस्तर लिहून ठेवतो, कारण नव्याने सुरुवात करणारा जवळजवळ प्रत्येक जण इथेच चुकतो.

ईमॅक्स २७ पासून, म्हणजे २०२० पासून, त्यात दोन वेगवेगळे टॅब आहेत. एक टॅब-बार, जो संपूर्ण फ्रेमच्या, म्हणजे ईमॅक्सच्या पूर्ण चौकटीच्या, माथ्यावर असतो. दुसरा टॅब-लाइन, जो त्या चौकटीतल्या प्रत्येक खिडकीच्या माथ्यावर वेगळा असतो. नावे इतकी सारखी आहेत की मी फरक न तपासता टॅब-बार चालू केला आणि एका पुस्तकाच्या तीस प्रकरणांसाठी तीस टॅब उघडून ताईंच्या हाती दिले. दुपारी त्या म्हणाल्या, "मी प्रकरण बंद केलं होतं, ते परत कसं आलं?" त्यांनी टॅब बंद केला होता. टॅब-बारमधला टॅब म्हणजे फाईल नव्हे, तर खिडक्यांची त्या वेळची मांडणी. तो बंद केला की मांडणी जाते, फाईल आपल्या जागी उघडीच राहते. त्यांच्या चार फाईलींमधल्या दुरुस्त्या जतन न होता तशाच मागे राहिल्या होत्या. काही हरवले नाही, कारण मी उघड्या बफरांची (ईमॅक्समध्ये उघडलेली प्रत्येक फाईल म्हणजे एक बफर) यादी काढून एकेक फाईल जतन केली, पण दिवस गेला आणि ताईंचा विश्वास थोडा डळमळला.

आता अशी वाटणी केली आहे की टॅब-बारमध्ये एका कामाला एक टॅब, म्हणजे एक पुस्तक किंवा एक अंक. आणि त्या कामातल्या फाईली खालच्या टॅब-लाइनमध्ये. "वरच्या पट्टीत पुस्तकं, खालच्या पट्टीत प्रकरणं" एवढे सांगितल्यावर काकांना पुढे काही समजावून सांगावे लागले नाही.

४ जुलै

टॅब-लाइन सर्वत्र चालू केली. दोन अडचणी लगेच आल्या.

पहिली अडचण टॅबवरच्या फुलीची. तिच्यावर टिचकी मारली की मूळ व्यवस्थेत बफर बंद होत नाही, तो केवळ यादीच्या तळाशी जातो. काल झालेला घोटाळा पुन्हा होऊ नये म्हणून 'टॅब-लाइन-क्लोज-टॅब-फंक्शन' या सेटिंगमध्ये बफर खरोखर बंद करणारा पर्याय निवडला. आता जतन न केलेली फाईल बंद करू गेल्यास ईमॅक्स आधी विचारतो, आणि आम्हाला तेच हवे आहे.

दुसरी अडचण टॅबांच्या यादीची. कोणत्या खिडकीत कोणते टॅब दिसावेत हे त्या खिडकीत आधी काय काय उघडले होते त्यावर ठरते, त्यामुळे डाव्या खिडकीत सात टॅब आणि उजव्या खिडकीत तीन, तेही वेगळ्या क्रमाने, असे चित्र तयार होते. मी स्वतःचे छोटे फंक्शन लिहिले. चालू फाईल ज्या फोल्डरमध्ये आहे त्या फोल्डरमधल्या सर्व उघड्या फाईली ते नावाच्या क्रमाने परत करते, आणि 'टॅब-लाइन-टॅब्ज-फंक्शन'ला तेच दिले आहे. क्रम लावताना 'प्रकरण-१०' हे 'प्रकरण-२'च्या आधी येऊ लागले. आकड्यांची किंमत ओळखून क्रम लावणारे तयार फंक्शन ईमॅक्समध्ये आहे, पण ते फक्त इंग्रजी (0 ते 9) आकडे ओळखते, देवनागरी नाही. ते दुरुस्त करत बसण्यापेक्षा फाईलींना 'प्रकरण-०२' अशी दोन अंकी नावे देण्याचा नियम केला. वेळ : दहा मिनिटे, आणि कोडची एकही ओळ नाही.

८ जुलै

आजची नोंद लांब आहे, कारण हा प्रश्न मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला येईल आणि इंग्रजीत काम करणाऱ्याला तो दिसणारही नाही.

वरच्या पट्टीत पुस्तकांची पूर्ण नावे मावत नाहीत. म्हणून 'टॅब-बार-टॅब-नेम-फंक्शन'साठी मी साधे फंक्शन लिहिले : नावातले पहिले १२ वर्ण घ्यायचे आणि पुढे तीन टिंबे जोडायची. पहिला फटका असा बसला की 'पत्रे' या पाचच वर्णांच्या नावावर बारा वर्ण कापायला गेल्याने संपूर्ण पट्टीच रिकामी झाली आणि नवा टॅब उघडण्याची कमांड 'आर्ग्स आउट ऑफ रेंज' असे सांगून थांबू लागली. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी : पट्टी रंगवताना चूक झाली तर ईमॅक्स ती मोठ्याने सांगत नाही, पट्टी फक्त कोरी राहते. चूक पकडायची असेल तर ते फंक्शन मोकळ्या बफरमध्ये हाताने चालवून पाहावे. लांबी आधी तपासायची अट घातली आणि पट्टी परतली.

मग काकांनी पडद्याकडे बोट दाखवून विचारले, "हे 'लोककथा प्रस्' काय आहे?" मूळ नाव 'लोककथा प्रस्तावना'. संगणकाच्या हिशेबाने त्यातला बारावा वर्ण म्हणजे 'स'ला लागलेला हलन्त. 'प्र' हे आपल्या दृष्टीने एक अक्षर, पण साठवताना ते प, हलन्त आणि र असे तीन वर्ण असतात. त्यामुळे कात्री नेमकी जोडाक्षराच्या मध्ये चालली आणि पट्टीवर पाय मोडलेला 'स्' लोंबकळत राहिला. शेजारच्या टॅबवर 'दिवाळी अंक संपादकीय'चे 'दिवाळी अंक स' झाले होते, म्हणजे तिथे अनुस्वार गळला होता. ज्यांचे आयुष्य ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार तपासण्यात गेले त्यांच्यासमोर दिवसभर असे तुटके शब्द ठेवणे मला पटले नाही, आणि मलाही ते सहन होत नव्हते.

पहिली दुरुस्ती : कापायच्या जागेच्या पुढचा वर्ण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार किंवा हलन्त असेल तर एक पाऊल मागे यायचे. वर्णाचा प्रकार 'गेट-कॅर-कोड-प्रॉपर्टी' या फंक्शनने विचारता येतो. युनिकोडमध्ये ही सर्व चिन्हे 'एमएन' किंवा 'एमसी' या वर्गांत येतात, म्हणून चिन्हांची यादी हाताने लिहावी लागत नाही. याने 'दिवाळी अंक' नीट झाले. 'प्रस्' मात्र तसेच राहिले, कारण तिथे पुढचा वर्ण 'त' आहे, जो स्वतंत्र व्यंजन आहे. दोष मागच्या वर्णात, हलन्तात आहे.

दुसरी दुरुस्ती : मागचा वर्ण हलन्त असेल तरीही मागे यायचे. आता बाराव्या जागेवरून अकराव्यावर येताच पुढे हलन्त दिसतो, म्हणून आणखी एक पाऊल मागे, आणि उरते 'लोककथा प्र'. यात निदान मोडके काही नाही.

रात्री साडेनऊला घरी निघालो.

९ जुलै

काल संपले असे वाटले होते, पण एका जुन्या फाईलच्या नावात 'दुसर्‍या' हा शब्द पुन्हा तुटला. 'ऱ्य' दोन प्रकारे लिहिलेला आढळतो : एक, पायात टिंब असलेला 'ऱ' घेऊन, दुसरा, साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा जोडचिन्हाचा वर्ण घेऊन. आमच्याकडच्या जुन्या फाईली दुसऱ्या प्रकारच्या आहेत. त्या अदृश्य वर्णानंतर कात्री चालली तर मागचा वर्ण हलन्त नसतो, आणि माझी अट फसते. अटीत तो वर्णही घातला. शेवटी उरणारी रिकामी जागा काढून टाकणारी एक ओळ जोडली. त्यानंतर आमच्या सर्व फाईलींच्या नावांवर, १ ते २० पर्यंतच्या प्रत्येक लांबीला, फंक्शन चालवून यादी छापली आणि ती काकांना मुद्रिताप्रमाणे तपासायला दिली. त्यांनी एकही खूण न करता कागद परत केला.

१२ जुलै

आम्ही मूळ मजकूर डावीकडे आणि शोधित मजकूर उजवीकडे ठेवून ओळीला ओळ लावून वाचतो. टॅब-लाइन आल्यापासून दोन्ही बाजूंच्या ओळी काही पिक्सेल वर-खाली दिसत होत्या. मी अक्षराचा आकार आणि ओळींमधले अंतर तपासण्यात दीड तास घालवला. दोष वर होता. लेखकाकडून आलेल्या फाईलींची नावे रोमनमध्ये, आमच्या फाईलींची देवनागरीत. देवनागरीसाठी लावलेला नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट रोमन फॉन्टपेक्षा उंच, म्हणून उजवीकडची टॅबची पट्टी उंच होत होती आणि तिच्याखालचा सगळा मजकूर खाली ढकलला जात होता.

'फेस-फॉन्ट-रीस्केल-अलिस्ट' या सेटिंगने देवनागरी फॉन्ट ०.९ पट करून पाहिला. पट्ट्या जवळजवळ सारख्या झाल्या, पण तोच फॉन्ट मजकुरालाही असल्याने मजकूर बारीक झाला आणि काकांनी चष्मा पुसायला घेतला, म्हणून ते सेटिंग काढून टाकले. शेवटचा उपाय साधा निघाला. टॅबचे नाव ठरवणाऱ्या फंक्शनमध्ये प्रत्येक नावाआधी 'मूळ' किंवा 'शोधित' हा शब्द जोडला. दोन्ही पट्ट्यांत देवनागरी अक्षरे आली, उंची सारखी झाली, आणि कोणती बाजू कोणती हेही वाचता येऊ लागले.

१७ जुलै

आषाढी एकादशीची सुट्टी. कार्यालय रिकामे असल्याने टूलबार हाती घेतला.

ताईंनी जाधववाडीच्या त्यांच्या भाचीकडून आठ चिन्हे काढून आणली होती, सुरेख, पीएनजी स्वरूपात. ती फोल्डरमध्ये ठेवली, फोल्डरचा पत्ता 'इमेज-लोड-पाथ'मध्ये घातला, 'टूल-बार-अ‍ॅड-आयटेम'ने बटणे जोडली, आणि पडद्यावर काहीही आले नाही. चूक दाखवणारा संदेशही नाही. दोन तास पत्ते तपासण्यात गेले. शेवटी त्या फंक्शनचा मूळ कोड उघडून वाचला तेव्हा कळले की या आवृत्तीत ते चिन्हाच्या नावाला फक्त एक्सपीएम, पीबीएम आणि एक्सबीएम हीच विस्तारनामे जोडून शोधते. पीएनजी ते पाहतच नाही, आणि चित्र सापडले नाही तर बटण गुपचूप गाळते. गिम्पमधून आठही चिन्हे २४ गुणिले २४ पिक्सेलच्या एक्सपीएममध्ये काढली आणि बटणे उमटली. एक्सपीएम हे मुळात साधे मजकुराचे स्वरूप आहे : फाईल ईमॅक्समध्ये उघडल्यावर चित्र दिसते, कंट्रोल-सी कंट्रोल-सी केले की तेच चित्र अक्षरांच्या जाळीच्या रूपात समोर येते आणि एकेक ठिपका अक्षर बदलून दुरुस्त करता येतो. कात्रीच्या चिन्हाचे एक पाते मी असेच सरळ केले.

चिन्हांखाली मराठी शब्द हवे होते, म्हणून 'टूल-बार-स्टाइल'ला चित्र आणि मजकूर दोन्ही दाखवणारी किंमत दिली. शब्द आले, पण रोमनमध्ये. मी मराठी मजकूर फक्त ':हेल्प'मध्ये दिला होता. तो माऊस वर नेल्यावर दिसणाऱ्या सूचनेसाठी असतो. ':लेबल' दिले नाही तर ईमॅक्स बटणाच्या अंतर्गत नावावरूनच लेबल तयार करतो, आणि ते १४ वर्णांपेक्षा लांब असेल तर तेही दाखवत नाही. प्रत्येक बटणाला ':लेबल' दिल्यावर 'जतन', 'मागे घ्या', 'शोधा', 'शुद्धलेखन', 'तपासले', 'नोंदवा', 'मूळ पाहा' आणि 'छापील प्रत' अशी आठ बटणे मराठीत दिसू लागली. केवळ शब्दच ठेवले तरी प्रत्येक बटणाला चित्र द्यावेच लागते, हेही आज कळले.

आधीची तयार बटणे काढण्यासाठी 'टूल-बार-मॅप'मध्ये त्या त्या बटणाच्या जागी रिक्त किंमत ठेवली. गट वेगळे दिसावेत म्हणून मध्ये दोन उभ्या रेघा घातल्या. नवी बटणे ज्या क्रमाने जोडावीत त्याच क्रमाने उमटतात, हे सोयीचे आहे.

१८ जुलै

तीच इनिट फाईल (ईमॅक्स सुरू होताना वाचतो ती सेटिंगची फाईल) काकांच्या संगणकावर ठेवली. चिन्हे आली, शब्द नाहीत. माझ्या आणि ताईंच्या संगणकावर सगळे व्यवस्थित. अर्धा दिवस मी माझ्याच फाईलींमध्ये फरक शोधत होतो. अखेर दोन्हीकडे 'ईमॅक्स-व्हर्जन' ही कमांड चालवली : माझ्याकडच्या उत्तरात जीटीके (बटणे आणि पट्ट्या रंगवणारे एक साधन) असे लिहिले होते, काकांकडे नव्हते. डेबियनमध्ये ईमॅक्सची वेगवेगळी पॅकेजे आहेत आणि काकांच्या संगणकावर मीच गेल्या वर्षी ल्युसिड हे जीटीके न वापरणारे पॅकेज बसवले होते. 'टूल-बार-स्टाइल' फक्त जीटीकेवर बांधलेल्या ईमॅक्समध्ये लागू होते. पॅकेज बदलायला सहा मिनिटे लागली. जे कोणी हे करून पाहतील त्यांनी कोणत्याही संगणकावर टूलबारला हात लावण्याआधी ही कमांड एकदा चालवावी.

२२ जुलै

'शुद्धलेखन' आणि 'तपासले' ही बटणे फक्त मजकुराच्या फाईलींमध्ये हवीत, फोल्डर पाहताना नकोत. मी ती मजकुराच्या मोडच्या हूकमध्ये, म्हणजे तो मोड सुरू होताना आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत, जोडली. पहिली फाईल उघडताच ती सर्वत्र दिसू लागली, कारण 'टूल-बार-अ‍ॅड-आयटेम' सामाईक नकाशातच ('टूल-बार-मॅप'मध्ये) भर घालते. मग नकाशा आधी त्या बफरपुरता केला आणि त्यात बटणे जोडली. तरीही ती सर्वत्रच!

इथे मला थांबून विचार करावा लागला. मी बफरपुरते नाव नवे केले होते, पण त्या नावाच्या मागे असलेली वस्तू तीच जुनी, सगळ्यांची सामाईक होती. नवे नाव दिल्याने वस्तूची प्रत होत नाही. 'कॉपी-कीमॅप'ने आधी खरी प्रत काढली, ती बफरपुरत्या 'टूल-बार-मॅप'ला दिली, आणि 'टूल-बार-लोकल-आयटेम'ने त्या प्रतीत बटणे जोडली. आता फोल्डर पाहताना सहा बटणे दिसतात, मजकुरात आठ. हूक प्रत्येक फाईल उघडताना चालतो म्हणून प्रत दर वेळी न काढता सुरुवातीला एकदाच काढून ठेवली आहे आणि सर्व मजकुराच्या फाईली तीच वापरतात.

२६ जुलै

ताईंची तक्रार : एका खिडकीतून दुसरीत जाताना ईमॅक्स क्षणभर अडतो. टंकलेखन करताना नाही, फक्त खिडकी किंवा फाईल बदलताना. आमच्या फाईली माझ्या संगणकावर आहेत आणि त्या एसएसएचवरून, म्हणजे जाळ्यातून, उघडतात, म्हणून आधी मी जाळ्यालाच दोष दिला आणि केबल बदलली. केबलचे १८० रुपये गेले आणि अडखळणे तसेच राहिले.

मग ईमॅक्समधला प्रोफायलर, म्हणजे कोणत्या कामात किती वेळ जातो ते मोजणारे साधन, चालू केला, दहा-पंधरा वेळा खिडक्या बदलल्या आणि अहवाल पाहिला. जवळजवळ सगळा वेळ पडदा रंगवण्यात, आणि त्याच्या पोटात माझ्या एका फंक्शनमध्ये जात होता. 'नोंदवा' हे बटण फाईलमध्ये शेवटच्या नोंदणीनंतर बदल झाला असेल तरच चालू दिसावे, म्हणून त्याच्या ':एनेबल'मध्ये मी गिटला (फाईलींमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅमला) विचारणारे फंक्शन दिले होते. टूलबार पुन्हा रंगवायची वेळ आली की ईमॅक्स ही अट नव्याने तपासतो, म्हणजे प्रत्येक वेळी एसएसएचवरून गिट चालत होते.

आता ते फंक्शन फाईल उघडल्यावर, जतन केल्यावर आणि नोंदणी झाल्यावरच चालते आणि उत्तर बफरपुरत्या व्हेरिएबलमध्ये ठेवते; ':एनेबल' फक्त ते व्हेरिएबल वाचते. अडखळणे नाहीसे झाले. पडदा रंगवताना चालणाऱ्या कोणत्याही फंक्शनमध्ये, मग ते टॅबच्या नावाचे असो की बटणाच्या अटीचे, फाईल किंवा बाहेरचा प्रोग्रॅम येऊ द्यायचा नाही, हा नियम मी इनिट फाईलच्या माथ्यावर लिहून ठेवला आहे.

३० जुलै

माझ्यापुरते : आल्ट आणि आकडा दाबून त्या क्रमांकाच्या टॅबवर जाता यावे म्हणून 'टॅब-बार-सिलेक्ट-टॅब-मॉडिफायर्स'ला 'सेट-क्यू' या साध्या पद्धतीने किंमत दिली. परिणाम शून्य. या सेटिंगला किंमत देताना कळा बांधण्याचे कामही व्हावे लागते, आणि 'सेट-क्यू' ते करत नाही. 'कस्टमाइज-सेट-व्हेरिएबल' वापरल्यावर लगेच चालले. त्याचबरोबर 'टॅब-बार-फॉरमॅट'मधून बेरजेचे चिन्ह काढले, कारण काकांच्या माऊसची टिचकी नकळत तिथे पडून रिकामे टॅब जमत होते. टॅबवरची फुलीही काढली.

५ ऑगस्ट

कालपर्यंत रोज सकाळी वरचे टॅब हाताने उघडावे लागत होते. 'डेस्कटॉप-सेव्ह-मोड' चालू केला की टॅबसह सर्व मांडणी दुसऱ्या दिवशी परत येते, हे माहीत होते आणि तसेच झाले. आज दुपारी वीज गेली. वीज आल्यावर ईमॅक्सने काकांना इंग्रजीत विचारले की ही मांडणी आधीच कोणीतरी वापरत आहे, तरी उघडू का. काकांनी सावधपणे नाही म्हटले, आणि मांडणी उघडलीच नाही. प्रश्न बरोबर होता : अचानक बंद पडल्याने मागच्या वेळची कुलूप-फाईल तशीच राहिली होती. आमच्याकडे एका संगणकावर एकच ईमॅक्स चालतो, त्यामुळे 'डेस्कटॉप-लोड-लॉक्ड-डेस्कटॉप'ला न विचारता उघडण्याची किंमत दिली. काकांच्या संगणकासाठी साडेतीन हजारांचा यूपीएसही घेतला, जो खरे तर आधीच घ्यायला हवा होता.

१४ ऑगस्ट

'तपासले' बटण दाबल्यावर टॅबच्या नावापुढे बरोबरची खूण यावी अशी काकांची इच्छा होती. बटण दाबले की खूण येत नव्हती. दुसऱ्या फाईलवर जाऊन परत आल्यावर येत होती. काकांनी बटण पुन्हा दाबले की खूण निघून जायची, आणि त्यांना वाटायचे की बटण बिघडले आहे. टॅब-लाइन रंगवलेली पट्टी साठवून ठेवते आणि टॅबांची यादी, बफरचे नाव अशा ठराविक गोष्टी बदलल्या तरच ती नव्याने काढते. माझी खूण तिच्या हिशेबात नव्हती. बटणाच्या कमांडमध्ये प्रत्येक खिडकीचे 'टॅब-लाइन-कॅश' हे पॅरामीटर रिकामे करून मग पडदा ताजा करायला सांगणाऱ्या दोन ओळी जोडल्या. आता टिचकी पडताच खूण उमटते. काकांनी सलग अकरा प्रकरणे तपासून खुणा केल्या आणि बाराव्याला मला बोलावून दाखवले.

२ सप्टेंबर

दिवाळी अंकाचे काम तीन आठवडे या मांडणीवर चालू आहे. एकूण वेळ सुमारे ५२ तास लागला, त्यातले निदान २० तास पीएनजी, ल्युसिड, सामाईक नकाशा आणि गिटची अट या चार गोष्टींत गेले. पैशांत केबल आणि यूपीएस. आठ बटणांपैकी 'छापील प्रत' कोणी दाबत नाही असे दिसते, ते या आठवड्यात काढणार आहे. त्या जागी ताईंना 'अवतरणचिन्हे सरळ करा' हे बटण हवे आहे; त्याचे चिन्ह भाचीने काढून दिले आहे, आणि या वेळी थेट एक्सपीएममध्ये.